जांभळीखालचा कोपरा

शेवंते,

काल तुझ्या दारात बसलेल्या बायका आळीपाळीनं एकच गोष्ट बोलत होत्या. "लय सोशिक बाई. कदी कुनाला उलटून बोलली न्हाई." एकीनं म्हटलं की दुसरीनं मान डोलवायची आणि तिसरीनं तेच पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. मला इतका संताप आला की हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. सोशिक कोण, तू? टेनिसच्या कोर्टावर नेटजवळ उभी राहून तू माझ्यावर अशी ओरडायचीस की तुंगार्लीच्या रस्त्यानं जाणारा टांगेवाला टांगा थांबवून बघत राहायचा. "मधला चेंडू आला तर बोल ना गं! तोंड शिवलंय का तुझं?" मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, लोणावळ्याची अर्धी बाजारपेठ मला बाई म्हणून नमस्कार करायची. आणि तू कोर्ट सारवणारी, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला चारचौघांत असं झापायचीस. त्या बायकांना मी हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

दोन महिने पोटात दुखत होतं तुझ्या. दोन महिने. तुझा नवरा तळेगावला कारखान्यात पाळ्या करतो, दमून येतो, तरी तू जेवत नाहीस हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं विचारलं तर म्हणालीस, जरा पित्त झालंय, भात कापून झालं की बघू. भात कापलं, झोडलं, कणगीत भरलं, मग तू आडवी झालीस. कामशेतच्या डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि म्हणाला, आणायला उशीर केलात. ज्या बाईनं मला कोर्टावर तोंड उघडायला शिकवलं ती स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि लोक याला गुण म्हणतात. मी म्हणते हा गाढवपणा आहे. गेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण तुझ्याशी गोड बोलायची मला सवय नाही आणि आता ती लावून घ्यायची इच्छाही नाही.

दुहेरीला चौघी लागतात. तिथूनच सगळं सुरू झालं. बंगलेवाल्या बायका शनिवारी मुंबईहून यायच्या आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. मधल्या दिवसांत क्लबाचं कोर्ट ओस पडायचं, म्हणून गावातल्या शिकलेल्या बायकांना खेळायची मुभा होती. त्या शिकलेल्या बायका किती, तर तीन. डॉक्टरीणबाई, पोस्टमास्तरांची बहीण आणि मी, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी. तिघींत दुहेरी होत नाही. एकीनं कायम बाकावर बसून शेंगा सोलायच्या. एके दिवशी डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "त्या माळ्याच्या पोरीला उभी करा गं कोपऱ्यात, नुसती रॅकेट धरून." तू शेडमागून आलीस, हात शेणानं भरलेले. ते पदराला पुसलेस आणि पहिलाच चेंडू असा मारलास की डॉक्टरीणबाईंच्या कानाजवळून गेला. शेडच्या भिंतीवर लाकडी फळीनं तू तीन वर्षं चेंडू बडवत होतीस, हे आम्हा तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. रोज भिंतीमागून ठक ठक ऐकू यायचं. आम्हाला वाटायचं, माळी लाकडं फोडतोय.

ते कोर्ट तुझं होतं, कागदावर कुणाचंही असो. लोणावळ्याचा पाऊस चार महिने त्याचं पार तळं करून टाकायचा. पाऊस सरला की तुझे वडील, क्लबाचे माळी आबा, गवत खुरपून काढायचे आणि नवा मुरूम पसरायचे. तू आणि तुझी आई, सोनामावशी, तो पाणी मारमारून चोपायच्या. मग रोलर, आणि शेवटी शेणाचं सारवण. अंगणासारखंच, फक्त चेंडू कुठंही पडला तरी सारखाच उसळला पाहिजे, एवढी अट. एका जागी मात्र तुम्ही मायलेकी हरायचात. जांभळीखालच्या कोपऱ्यात, मागच्या रेघेच्या हातभर आत, खालून पाणी पाझरायचं आणि मुरूम बसायचा. डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण तिथं पडलेला चेंडू वर यायचाच नाही, जमिनीला घासून मांजरासारखा निसटायचा. तू मला तिथं नेऊन माझा तळहात जमिनीवर दाबलास.

"लागलं का हाताला? कुनाला सांगू नको. आन रोज वापरू नको. एकदा वापरला की समोरची शानी हुती. लय नड आली की मगच."

मी पाचवारी नेसून खेळायचे आणि दर दोन गेमना निऱ्यांत पाय अडकून पडायचे. तू मला शेडमध्ये नेऊन नऊवारीचा काष्टा घालून दिलास. आमची आई म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं. बदल्यात मी तुला अक्षरं शिकवली. पाटीवर तुझं काही जमेना, कामानं बोटं घट्ट झालेली, पेन्सिल मोडायची. मग रेघा आखायच्या फक्कीनं कोर्टावरच शिकवलं. पहिल्यांदा तू स्वतःचं नाव लिहिलंस ते या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, एवढं मोठं की वाचायला जांभळीवर चढावं लागलं. आपण दोघी चढलो होतो. मी पंचवीस वर्षांची मास्तरीण, काष्टा घालून झाडावर. तू वरून बघत म्हणालीस, "ह्यो 'व' जरा वाकडा झालाय." मग उतरून ते सगळं पुसलंस आणि वरून सारवलंस, कारण संध्याकाळी मेंबर येणार होते.

कोर्टाबाहेर तू मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणायचीस. कोर्टात आणि शेडमध्ये 'ए नले'. चेंडू येत असताना मानपान करायला सवड नसते, असं तुझं म्हणणं. आपला नियम एकच होता आणि तो तूच केला होतास. मधला चेंडू आला की दोघींपैकी एकीनं बोलायचं. 'माझा' म्हणायचं, नाहीतर 'तुझा' म्हणायचं. दोघी गप्प राहिलो आणि चेंडू मधून गेला तर लगेच तिथंच भांडून घ्यायचं, मगच पुढची सर्व्हिस. मनात ठेवून खेळली ती पुढचाही पॉइंट घालवणार. पोस्टमास्तरांची बहीण म्हणायची, ह्या दोघी खेळतात कमी आणि भांडतात जास्त. म्हणू दे. आपण हरत नव्हतो.

आता दसऱ्याचं सांगते. इथून पुढे जो राग येतो तो माझा मलाच येतो, आणि तो मी तुझ्यावर काढणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

क्लबात खंडेनवमीला रोलर, नेट, फक्कीचा डबा आणि मेंबरांच्या रॅकेटी मांडून पूजा व्हायची. नारळ तुझे आबा फोडायचे आणि क्लबाकडून त्यांना धोतर, सोनामावशीला आणि तुला लुगडं मिळायचं. पण तुमच्या घरानं तळेगावला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतरच्या खंडेनवमीला आबा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, रोलर पुसून ठिवलाय. पन नारळ आमी न्हाई फोडनार." सेक्रेटरी भला गृहस्थ. पांढऱ्या मिशांचा, निवृत्त, कुणाला अरे-तुरे न करणारा. तो चिडला नाही. रजिस्टर उघडून बसला आणि म्हणाला, हे कपडे आपण 'पूजेनिमित्त' म्हणून लिहितो; यांनी पूजा केली नाही, तर काय म्हणून लिहू? एक मेंबर म्हणाला, झाडलोटीची बक्षिसी म्हणून लिहा की. तेव्हा मी मध्ये पडले. मला कुणी बोलावलं होतं? मी म्हणाले, "शेवंता वर्षभर बायकांना खेळायला शिकवते. तिचं लुगडं खेळ शिकवण्याबद्दल, असं लिहा. बक्षिसी कसली?"

तू मागून माझा पदर ओढत होतीस. "ऱ्हाऊ द्या बाई. लुगडं ते लुगडं. काय का लिव्हनात."

मी ऐकलं नाही. सेक्रेटरीनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'शेवंता यांस, भगिनी सभासदांना खेळ शिकविण्याबद्दल, लुगडे एक.' मी तुला वाचून दाखवलं. तू पानावर बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलंस आणि सापडल्यावर बोट तिथंच ठेवून उभी राहिलीस. सेक्रेटरीला पान उलटायचं होतं, त्याला थांबावं लागलं. मी तर घरी येईपर्यंत हवेत होते. आपण केवढं मोठं काम केलं असं मला वाटत होतं.

त्याच वर्षी नाताळात क्लबानं बायकांच्या दुहेरीचे सामने भरवले. पुण्या-मुंबईच्या जोड्या येणार होत्या. 'मावळात राहणाऱ्या कोणत्याही भगिनीस भाग घेता येईल' असं पत्रक निघालं. कुणी येणार नाही अशी खात्री असली की माणसं अशी उदार होतात. आपण नाव दिलं. पांढरे कपडे सक्तीचे होते. सोनामावशीनं दीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं पेटीतून काढलं आणि तुला बजावलं, "दीक्षेचं हाय. मळवू नको." पहिल्याच सामन्यात तू एका चेंडूसाठी त्या लुगड्यासकट कोर्टावर लोळलीस.

उपांत्य सामना मी अजून झोपेत खेळते. समोर मुंबईच्या दोघी, स्कर्ट घातलेल्या, बूट नवेकोरे. तू अनवाणी. त्यांनी आधी सगळे चेंडू तुझ्याकडेच मारले, कारण त्यांना वाटलं ही कच्ची बाजू. मला हसू आवरेना. तुझा बॅकहँड म्हणजे विळ्यानं गवत कापावं तसा, खालून आणि बिनआवाज. दुसऱ्या सेटपर्यंत त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि आपली मात्र बडबड चालू. "माझा!" "तुझा!" "सोड, भायेर हाय!" आपण जिंकलो तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही हे खुर्च्यांवरच्या लोकांना कळेना. आधी आबांनी वाजवल्या, मग बाकीच्यांनी. संध्याकाळी बाजारातून गुळाची चिक्की आणली आणि रोलरवर बसून आपण दोघींनी सबंध पुडा संपवला. इतकी मी त्यानंतर कधीही खूश झाले नाही. पगार वाढला तेव्हा नाही, घर झालं तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीनं बोलावलं. हरलेल्या बाजूची तक्रार होती. सामने हौशी खेळाडूंचे. पैसे किंवा वस्तू घेऊन खेळ शिकवणारी ती व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला हौशींत जागा नाही. पुरावा म्हणून क्लबाचंच रजिस्टर टेबलावर उघडं होतं. माझं वाक्य, सेक्रेटरीचं सुंदर अक्षर. त्याला खरंच वाईट वाटत होतं आणि त्यानं वाटही काढून ठेवली होती. तुझ्या नावानं टाइप केलेला कागद होता. लुगडं हे झाडलोट आणि सारवण यांबद्दल मिळालं, खेळ शिकवण्याशी माझा संबंध नाही. खाली सही. "सही करा आणि उद्या फायनल खेळा," तो तुला म्हणाला.

बघ गं तो नियम. कोर्ट झाडणारी खेळली तर चालतं. शिकवणारी खेळली तर विटाळ. परवा वर्तमानपत्रात वाचलं, परदेशात आता दुहेरी खेळणाऱ्या बायकांना खेळायचे पैसे मिळतात, जगभर फिरवतात त्यांना, आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून मानानं नाव छापतात. मी तो पेपर चुरगळून टाकला. ज्या शब्दासाठी तुला दाराबाहेर काढलं तोच शब्द आता हार घालून मिरवतात. हौस, हौस म्हणतात ती तरी काय? ज्यांच्या दुपारी मोकळ्या असतात त्यांनी आपल्या मोकळ्या दुपारींना दिलेलं नाव. सेक्रेटरीचा मला राग येतोच, पण तो सभ्य होता याचा जास्त येतो. दुष्ट असता तर मी त्याच्याशी भांडले असते. तो भला होता म्हणून मी तुझ्याशी भांडले.

तू कागदाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "न्हाई."

मी तुला ओढत शेडमध्ये आणलं. रोलरच्या दोन बाजूंना आपण दोघी उभ्या होतो. मी म्हणाले, "अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. कागद तो. सही कर, उद्या जिंकू, परवा मी स्वतः जाऊन रजिस्टर बदलून आणते."

"आबानं गावकी सोडली," तू म्हणालीस. "मेलेली ढोरं वढायची सोडली. गावानं पानी बंद केलं, तरी सोडली. मी कोर्ट सारवती, ते खोटं न्हाई. पन मी शिकवती ते बी खोटं न्हाई. ते कसं काय खोडू?"

"कोण खोडायला सांगतंय? दोन दिवसांपुरतं."

"तूच लिवायचं, तूच पुसायचं. मी काय पाटी हाय का तुझी?"

तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. बारा वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते, कारण लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. मी म्हणाले, "तुमच्या लोकांना हल्ली ज्यात-त्यात मान लागतो."

मधला चेंडू सुटला तरी आकाशपाताळ एक करणारी तू, तेव्हा गप्प राहिलीस. फक्त मागे सरकलीस आणि म्हणालीस, "बाई, तुमी खेळा." शेडमध्ये, रोलरपाशी, जिथं तू मला कधी बाई म्हटलं नव्हतंस, तिथं. मला तेव्हाच कळलं की काहीतरी तुटलं. पण मी माफी मागितली नाही. रागावलेल्या माणसाला एक सोय असते, आपलं काय चुकलं ते नंतर बघू असं त्याला वाटतं. मी तरातरा सेक्रेटरीकडे गेले आणि म्हणाले, मी डॉक्टरीणबाईंना घेऊन खेळते. तो म्हणाला, आमची हरकत नाही.

फायनलच्या दिवशी तू येणार नाहीस अशी माझी खात्री होती. सकाळी आठला मी कोर्टावर आले तर तू आणि सोनामावशी सारवण आटोपून बादल्या धूत होतात. कोर्ट असं दिसत होतं की पाय ठेवायची लाज वाटावी. तू वर बघितलं नाहीस, मीही हाक मारली नाही. दुपारी सामना सुरू झाला तेव्हा तू शेडच्या दारात उभी होतीस.

समोर पुण्याच्या दोघी होत्या. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या जिवाच्या आकांतानं खेळत होत्या, पण मधला चेंडू आला की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी त्यांच्याकडे. तरी ओढत ओढत आम्ही तिथपर्यंत आलो. जिंकायला एक पॉइंट राहिला. एकच. जांभळीची बाजू पुण्याच्या दोघींकडे होती. तो कोपरा मी सबंध सामनाभर जपून ठेवला होता, तू शिकवलं होतंस तसा, लय नड आली की मगच. मी मारलेला चेंडू नेमका तिथं पडला, रेघेच्या हातभर आत. आणि उसळला. छान, शहाण्यासारखा, कमरेपर्यंत वर आला. पुण्याच्या बाईनं तो आरामात आमच्या दोघींच्या मधून मारला. आम्ही दोघीही गप्प.

पुढचे पॉइंट मी कसे घालवले ते मला आठवत नाही. हस्तांदोलन झालं, बक्षिसं झाली, आणि मी त्या कोपऱ्यात जाऊन खाली बसले. तळहात टेकवला. नवा मुरूम होता, पक्का चोपलेला, वरून सारवलेला. मी मान वर केली तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतीस. मग तू शेडच्या आत गेलीस.

बारा वर्षं मी हे धरून बसले, शेवंते. तू मला हरवलंस, तेही तोंडानं न बोलता, एक पाटी मुरूम टाकून. माझ्या वाक्याचा तू असा सूड घेतलास, असं मी धरून चालले. आणि खरं सांगू, मला ते सोयीचंही होतं. तू फिट्टंफाट केलीस म्हटल्यावर माफी मागायचं कारण उरत नव्हतं. तुझ्या लग्नाला मी आले नाही, भांडी पाठवली. कोर्टावर जाणं सोडलं. पुढे तीनदा भेटलो आपण, तीनही वेळा रस्त्यात. कामशेतच्या बाजारात तू भाताचं पोतं उतरवून घेत होतीस, कडेवर मूल. "बाई, बऱ्या हाय का?" "बरी आहे. तू?" "मी बी बरी." मग आपण तांदळाच्या भावावर बोललो. तांदळाच्या भावावर! दोन सेट मारामारी करणाऱ्या आपण दोघी. जाताना तू वळून उभी राहिलीस, जरा वेळच. तुला काहीतरी बोलायचं होतं. मी पिशवी उचलून चालू लागले.

काल बायका पांगल्यावर सोनामावशीनं मला हाक मारली. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही, आवाजावरून ओळखते. तिनं माझा हात चाचपला, तळहात उलटा करून बोटांनी बघितला, तू जमीन बघायचीस तसा.

"नलीबाई, त्यो जांभळीखालचा कोपरा याद हाय का?"

मी म्हणाले, आहे.

"त्यो म्या भरला. तिनं न्हाई."

मी जवळ सरकले. ती म्हणाली, "तुमचं दोघींचं मला ठावं व्हतं. मी बी सारवत व्हते ना तितं. माझ्या पोरीला भायेर काढली, आन तिनं दावल्याल्या जाग्यावर तुमी जिकनार? म्हनलं, न्हाई जिकू द्यायाची. पाटीभर मुरूम वतला, चोपला. ती आली, तिनं हात लावला, तिला लगी कळालं. नखांनी उकराया बसली. 'आये, काय केलंस, नली हरंल.' म्या मनगाट धरलं तिचं. तेवढ्यात सायब आला कोर्ट बघाया. मग काय. सारवलं वरनं."

"मग मला सांगितलं का नाही तिनं?"

"सांगती कशी? आमची भाकरी व्हती तितं. सायबाला कळलं असतं तर?" मग म्हणाली, "पन म्हनायची, बाई येतील भांडाया. आल्या की सांगीन त्यास्नी. नली काय ऱ्हात न्हाई भांडल्याबिगर. लगीन झाल्यावर बी, माहेराला आली की पयलं हेच. 'आये, नली आलती का भांडाया?'"

सोनामावशीचा मला राग येत नाही. तिनं बरोबर केलं. तिच्या जागी मी असते तर दोन पाट्या टाकल्या असत्या. राग तुझा येतो. तुझाच नियम होता ना, लगेच तिथंच भांडून घ्यायचं? मग कामशेतच्या बाजारात भाताचं पोतं टाकून माझी पिशवी का नाही ओढलीस? बाई-बाई करत का राहिलीस? आणि माझा येतो. मला वाटायचं, तू माझ्या तोंडावर दार लावलंस, आणि तू तर दर खेपेला दारात येऊन विचारत होतीस. सही केली नाहीस ते बरोबर केलंस. हे मी आज लिहून देते, खाली माझी सही करते. पण मला ती फायनल तुझ्याबरोबर खेळायची होती, हेही खरं आहे, आणि ते माझ्या मनातून जात नाही. रजिस्टरातली ती ओळ मी लिहायला लावली नसती तर तू खेळली असतीस. लिहायला लावली म्हणून कुठंतरी शाईनं लिहिलेलं राहिलं की तू खेळ शिकवत होतीस. या दोन्हींतलं तुला काय हवं होतं, हे विचारायला यायचं होतं मला. माझ्या घरापासून तुझ्या माहेरची वस्ती भुशीच्या रस्त्यानं पाऊण तासाची चाल आहे. बारा वर्षांत मला पाऊण तास मिळाला नाही.

काल मी उठले. सवयीनं तोंडून निघून गेलं, ज्याला भेटायचं ते माणूस घरी नसलं की आपण उठताना म्हणतो तसं. "मावशी, नली भांडायला आली होती म्हणून सांगा."

सोनामावशीनं माझा हात सोडला नाही. म्हणाली, "सांगते."